नाताळवृक्षांचे कवकजन्य रोग

नाताळच्या सजावटीसाठी वाढवल्या जाणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांना कवकांमुळे (बुरशीमुळे) होणाऱ्या रोगांना नाताळवृक्षांचे कवकजन्य रोग म्हणतात. युरोप व उत्तर अमेरिकेत या सणासाठी फर, स्प्रूस, पाइन व डग्लस फर यांची शेती केली जाते. मुंबईच्या उष्ण, दमट हवेत हे वृक्ष नीट वाढत नाहीत. तेथे कुंडीतील अरौकेरिया हाच प्रचलित नाताळवृक्ष असून त्याचे रोग प्रामुख्याने अतिरिक्त ओलाव्याशी निगडित असतात.

मुंबईतील नाताळवृक्ष

गिरगावातील खोताची वाडी, दादर, माझगाव व भायखळा या भागांत ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती आहे. शहरातील रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने मिळणारे रोप बहुधा अरौकेरिया प्रजातीचे असते. या प्रजातीतील अरौकेरिया हेटेरोफिला ही जाती मूळची नॉरफोक बेटावरील, तर अरौकेरिया कोलम्नारिस न्यू कॅलिडोनियातील आहे. व्यवहारात त्यांना ‘पाइन’ म्हणत असले, तरी त्यांचे कुल पाइनच्या कुलाहून भिन्न आहे. खोडावरील फांद्यांचे वलय एकदा गळाले, की त्या जागी सहसा नव्या फांद्या फुटत नाहीत. त्यामुळे रोगाने झालेली हानी कायमची ठरते.

प्रमुख रोग

मूळकूज : निचरा न होणाऱ्या कुंडीत पिथियम व फायटोफ्थोरा यांमुळे मुळे तपकिरी व मऊ होतात. माती ओली असूनही झाड कोमेजते. हे सूक्ष्मजीव कवकांसारखे दिसत असले, तरी आधुनिक वर्गीकरणात ते खरी कवके मानले जात नाहीत. कोकणात सुपारीवर पडणारा कोळेरोगही फायटोफ्थोरामुळेच होतो.

करपा : कोलेटोट्रायकम प्रजातीच्या कवकांमुळे पाने तपकिरी होऊन वाळतात. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू पसरतात. याच प्रजातीमुळे आंब्यावर करपा पडतो.

काजळी : पिठ्या ढेकूण व मावा यांनी सोडलेल्या चिकट, गोड स्रावावर काळी बुरशी वाढते. ती पानांच्या आत शिरत नाही, परंतु प्रकाश अडवते.

समशीतोष्ण प्रदेशांतील शेतीत सूचिपर्ण गळ अधिक आढळते. डग्लस फरवरील ‘स्विस’ पानगळ १९२५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लक्षात आली, म्हणून तिला हे नाव पडले. फ्रेझर फर या जातीचे मोठे नुकसान फायटोफ्थोरामुळे होणाऱ्या मूळकुजीने होते.

निदान

अपुरा प्रकाश, वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा व पाण्याचा ताण यांमुळेही पाने तपकिरी होतात. त्यामुळे औषध फवारण्यापूर्वी मुळे तपासणे आवश्यक असते. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. कोमेजलेले झाड तहानलेले समजून पाणी वाढवल्यास मूळकूज बळावते.

प्रतिबंध व उपचार

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सामान्यतः दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या काळात कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये, तिच्या तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. झाडांमध्ये हवा खेळती राहील इतके अंतर ठेवावे व रोगट भाग काढून नष्ट करावा. करप्यावर मोरचूद व चुना यांपासून केलेले बोर्डो मिश्रण वापरले जाते. ट्रायकोडर्मा हे उपयुक्त कवक मातीत मिसळल्यास रोगकारक सूक्ष्मजीवांना आळा बसण्यास मदत होते. मुळे मोठ्या प्रमाणावर कुजलेली असल्यास मात्र झाड वाचण्याची शक्यता कमी असते.