काठीची लांबी आणि पाण्याची मर्यादा

शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गळाचा मात्र एकदाच. मंदिराच्या कराचा प्रश्न उद्भवला तेव्हा प्रभू येशूने पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकण्यास सांगितले, हा प्रसंग मत्तयच्या सतराव्या अध्यायात आहे. जाळे हे अनेकांनी मिळून ओढण्याचे साधन. गळ हा एकट्याचा, धीराचा. त्या गळाला काठी होती की नुसती दोरी, हे मत्तय सांगत नाही. परंतु गळाच्या काठीचा इतिहास पाहू गेल्यास तो आपल्या पुणे शहराच्या नदीपर्यंत येऊन पोहोचतो, आणि त्यातून हाती येणारा बोध मासेमारीपुरता राहत नाही.

गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी भाषेतील पहिला छापील प्रबंध १४९६ साली प्रसिद्ध झाला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठप्रमुख भगिनीच्या नावे सांगितला जातो. इतिहासकारांना त्यास पुरावा मिळालेला नाही. त्या काळच्या कॅथलिक इंग्लंडात वर्षाची मोजणी सणांनी होत असे. म्हणून काठीचे लाकूड कधी तोडावे हेही सणांनीच सांगितले आहे : महादूत संत मायकलच्या सणापासून (२९ सप्टेंबर) प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणापर्यंत (२ फेब्रुवारी). बुडखा सुमारे नऊ फुटांचा असावा, तो तापल्या सळईने पोखरावा आणि वरचा भाग त्यात दडवावा, म्हणजे चालण्याची काठी वाटेल, असा तो उपदेश. काठी लांब हवी, कारण तेव्हा दोरी गुंडाळणारी फिरकी नव्हती. दोरी शेंड्यालाच बांधलेली असे. काठी जेवढी लांब तेवढीच पाण्यावर पोच.

पुढे फिरकी आली आणि पोचेचा प्रश्न सुटला. पण काठीच्या लांबीचा विचार संपला नाही. एकोणिसाव्या शतकात लाकडाची जागा बांबू घेऊ लागला. बंगालमधून जाणारा ‘कलकत्ता’ बांबू इंग्लंड-अमेरिकेतील कारागीर चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या बनवीत. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे सारले, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आले आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतू. पदार्थ बदलले, तरी काठी हलकी, लवचिक आणि कामाच्या मापाची असावी, हे सूत्र तेच राहिले.

पुण्याचा संबंध येथे येतो. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. त्यात पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका महाशीराला त्यांनी शास्त्रीय नाव देताना येथलेच ‘खुदरी’ हे नाव जपले. आजही जगभरचे अभ्यासक त्या माशाला त्याच नावाने ओळखतात. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा झुंज देण्यात महाशीर सामन माशालाही मागे टाकतो, असा निर्वाळा दिला.

वाहत्या नदीत पितळी चमच्यासारखे आमिष प्रवाहानेच फिरते, आणि मासा त्याला धावता बळी समजतो. पाणी अडले की ते फिरणे थांबते. पुण्यात सर जमशेटजी जीजीभाईंच्या उदार देणगीने उभा राहिलेला बंधारा १८५० साली पुरा झाला. खडकवासल्याचे धरण १८७९ साली. अशा साठलेल्या पाण्यात प्रवाहाचे काम होडीला करावे लागते : होडी संथ वल्हवायची आणि आमिष मागून ओढत न्यायचे.

येथे काठीची लांबी महत्त्वाची ठरते. समजा, होडी पाच फूट रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना नऊ फुटी काठ्या आडव्या धरल्या आहेत. प्रत्येकीचा आठ फूट भाग बाहेर राहिला, तर दोन दोऱ्यांत एकवीस फुटांचे अंतर पडते. सहा फुटी काठ्यांचा पाच फूट भाग बाहेर राहिला, तर पंधरा फुटांचे. वळताना दोऱ्या गुंतू नयेत आणि होडीच्या सावलीने बुजलेल्या माशापर्यंत आमिष पोहोचावे, यासाठी लांब काठी बरी. शिवाय ती अधिक वाकते, म्हणून माशाचा पहिला हिसका दोरीला तुटू देत नाही. परंतु तरफेचा नियम विसरून चालत नाही. मासा शेंड्याला ओढतो आणि भार मनगटावर येतो. काठी लांब तितका भार जास्त. आणि मासा होडीजवळ आला की लांब काठी त्याला हाताच्या टप्प्यात येऊ देत नाही. म्हणून जाणता मनुष्य बाजूंना लांब, मागच्या टोकाला आखूड काठी ठेवतो. सर्वांत चांगली काठी कोणती, या प्रश्नाला उत्तर नाही. या होडीसाठी, या पाण्यासाठी कोणती, यालाच आहे.

हाच विवेक आपण नदीच्या बाबतीत दाखविला नाही. शहर वाढले, सांडपाणी नदीत गेले, आणि ज्या पाण्यातून खुदरीचे नाव जगाला कळले त्या शहरातील पाण्यात तो मासा आता नांदत नाही. दुसरीकडे लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पैदास झाली. ते कार्य मोलाचे होते. परंतु तेथील पिल्ले दूर कावेरीतही सोडली गेली, आणि तेथील मूळच्या कुबडधारी महाशीराला हा पाहुणा भारी पडला, असे संशोधक सांगतात. २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत खुदरीची नोंद निर्धोक गटात झाली, तर कावेरीच्या महाशीराची अतिसंकटग्रस्त गटात. हेतू चांगला असूनही पाणी चुकले.

याउलट महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी गावकरी महाशीराला हात लावीत नाहीत, आणि तो तेथे टिकून आहे. आपल्या हिंदू बांधवांच्या या संयमापुढे आपण नम्र व्हावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले, तेव्हा याच संयमाची आठवण करून दिली.

पेत्राला एकच मासा धरायचा होता, आणि त्यातून दोघांचा कर भागला. गरजेपुरते घ्यावे, पाणी ओळखून काठी निवडावी, आणि ज्या नदीने नाव दिले तिचे देणे आधी फेडावे. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांवर हा कर अजून बाकी आहे.