खोक्यातला पंखा

नवा डेस्कटॉप जोडायला घेतला की मित्रांचा मला एक प्रश्न ठरलेला असतो : प्रोसेसरच्या खोक्यात जो पंखा येतो तो पुरेल, की वेगळ्या कूलरवर आणखी पैसे घालू? मी सॉफ्टवेअरवाला. तरी या प्रश्नाच्या इतिहासात डोकावलो, तेव्हा दिसलं की ‘पुरेल’ या शब्दाचा अर्थच मधल्या काळात बदलला आहे.

१९८९ साली आलेले इंटेलचे सुरुवातीचे ४८६ प्रोसेसर बहुधा पंख्याशिवायच चालत. १९९३चा पेंटियम पंधरा वॉटच्या आसपास उष्णता फेकू लागला, आणि २००४च्या प्रेस्कॉट पेंटियम ४पर्यंत काही मॉडेल्सनी शंभरी ओलांडली. या काळात ‘पुरेल का’ म्हणजे ‘जळणार तर नाही ना’ असं होतं. भीती खरीच होती. २००१मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’नं चालू संगणकातल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून काय होतं ते दाखवलं. एएमडीचा अॅथलॉन काही क्षणांत जळाला. पेंटियम ४ मात्र वाचला, कारण त्यानं स्वतःचा वेग उतरवला.

पुढे सगळेच प्रोसेसर असे वागायला शिकले. आता कूलर कमी पडला तर धूर निघत नाही. कॉम्प्युटर गुपचूप हळू होतो. म्हणून आजचा प्रश्न असा : ज्या वेगाचे पैसे मोजले, तो मिळतोय का?

२०२२च्या सुरुवातीला आलेले इंटेलचे दोन प्रोसेसर बघा. आय५-१२४०० आणि आय७-१२७००, दोघांचाही मूळ आकडा ६५ वॉट. पण टर्बोत पहिला ११७पर्यंत जाऊ शकतो, दुसरा १८०पर्यंत. खोक्यात मात्र दोघांना एकच लॅमिनार आरएम१ कूलर. पहिल्याचं त्यावर बऱ्यापैकी भागतं. दुसऱ्यावर तासभर व्हिडिओ रेंडर करायला लावलात, तर तो टर्बो टिकवू शकत नाही.

काही वेळा उत्तर कंपन्याच देतात. २०१५मध्ये इंटेलनं आय७-६७००केच्या खोक्यातून पंखा काढूनच टाकला. २०२०मध्ये एएमडीनं रायझन ५६००एक्सला पंखा दिला, ५८००एक्सला दिला नाही.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर पडते. पंखा म्हणजे एसी नव्हे. तो खोलीतलीच हवा फिरवतो. पंचविशीच्या खोलीत ७५ अंशांवर राहणारा प्रोसेसर नागपूरच्या मे महिन्यात, चाळिशीच्या खोलीत, नव्वदीला टेकतो.

तेव्हा माझं उत्तर असं : ६५ वॉटचा सहा कोअरचा प्रोसेसर, कोडिंग, कॉलेजची कामं आणि थोडं गेमिंग असेल, तर खोक्यातला पंखा लावा आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घाला. काम तासन्‌तास चालणारं असेल, तर आधी अर्धा तास तेच काम चालवून बघा. तापमानासोबत वेगाचा आकडाही पाहा. तो मूळ वेगाच्या जवळ येऊन चिकटला, तर टर्बोसाठी मोजलेले पैसे वाया जाताहेत. मग कूलर घ्या.