न कुडकुडणारी पिल्लं

आजचा भाग सशाच्या पिल्लांचा आहे, आणि थंडीचा. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये ससे कशाला, असं वाटेल. पण ही गोष्ट माणसाच्या बाळापर्यंत जाते.

आधी पिल्लू कसं असतं ते सांगतो. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, वजन जेमतेम 50 ग्रॅम. आपल्यासारखं कुडकुडून ऊब मिळवणंही त्याला जमत नाही. पाळीव सशाचा पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचा. रानात मादी पिल्लांसाठी वेगळं छोटं बीळ खणते, आत गवत आणि स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस अंथरते, तोंड मातीने बुजवते आणि चक्क निघून जाते. दिवसातून साधारण एकदा येऊन तीन-चार मिनिटं दूध पाजते, बस. बाहेर पडलेलं पिल्लू मांजरीसारखं तोंडात धरून परत आणणं तिच्या स्वभावात नाही.

माणसाने ससा बिळातून काढून पिंजऱ्यात ठेवला, तेव्हा मातीचं पांघरूण गेलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मांसाची टंचाई होती, म्हणून लोकांनी परसात ससे पाळले. अशा उघड्यावरच्या पिंजऱ्यात बिळाची जागा घेते पेंढा भरलेली लाकडी पेटी. केस मात्र आजही आईचेच. पण केस फक्त ऊब धरून ठेवतात, तयार करत नाहीत. मग आई नसताना उरलेला दिवसभर ऊब येते कुठून?

उत्तराचं एक टोक 1551 मध्ये सापडतं. स्विस निसर्ग-अभ्यासक कॉनराड गेसनरने मार्मोट या डोंगरी प्राण्याच्या शरीरातला एक विचित्र भाग नोंदवला: धड चरबी नाही, धड मांस नाही. मार्मोट हिवाळाभर झोपतो, म्हणून पुढे त्या भागाला 'शीतनिद्रेची ग्रंथी' असं नाव पडलं. माझ्या मते या नावानेच घोटाळा केला, कारण हिवाळ्यात न झोपणाऱ्या प्राण्यांतही ती असते.

1960 च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये मायकेल डॉकिन्स आणि डेव्हिड हल नवजात सशांवर काम करत होते. पिल्लाच्या खांद्यांच्या मध्ये आणि मानेभोवती हीच तपकिरी चरबी असते. थंडी लागली की पिल्लाचा ऑक्सिजनचा वापर वाढतो आणि ही चरबी बाकी शरीरापेक्षा गरम होते. मग त्यांनी शस्त्रक्रिया करून चरबीचा बराच भाग काढला. (हे वाचताना जीव कळवळतो, खोटं कशाला बोलू.) थंडीला मिळणारा तो प्रतिसाद जवळजवळ नाहीसा झाला. 1964 मध्ये निबंध छापून आला. म्हणजे शेकोटी पिल्लाच्या अंगातच होती! गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन रेस करावं, तशी ही चरबी इंधन जाळते: काम काही नाही, नुसती उष्णता.

हे फक्त सशांपुरतं असतं तर मी भाग केलाच नसता. 1958 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन यांनी अकाली जन्मलेल्या बाळांच्या दोन गटांसाठी काचेच्या पेटीचं तापमान वेगवेगळं ठेवलं, एकात सुमारे 29 अंश, दुसऱ्यात सुमारे 32. फरक फक्त तीन अंशांचा, पण उबदार पेटीतली बाळं स्पष्टपणे जास्त वाचली. हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवलं की माणसाच्या बाळातही ही चरबी असते, आणि थंडीत दगावलेल्या बाळांमध्ये ती संपलेली सापडते.

पिल्लाचंही तसंच. उपाशी आणि गारठलेल्या पिल्लाचा साठा काही दिवसांत रिकामा होतो. म्हणून पिंजरा बाहेर असेल तर पेटी कोरडी ठेवा, वारा अडवा, आईचे केस फेकू नका आणि रोज पिल्लांची पोटं बघा. दूध प्यायलेलं पोट गोल, टच्च दिसतं. गार पडलेलं पिल्लू सापडलं तर आधी ऊब द्या, दूध नंतर. थंड पोटात दूध पचत नाही.