दुधातलाच राखणदार

रात्री विरजण लावताना आपण कोमट दुधात चमचाभर दही कालवतो आणि झाकण ठेवून निजतो. सकाळी दही लागलेले दिसले की समाधान मानतो. दूध नासले की हळहळतो. वस्तुतः दोन्ही कामे जंतूंचीच. मग त्यांतला एक उपकारी आणि दुसरा घातकी कसा? ह्या प्रश्नाच्या पोटात एका शोधाचा इतिहास दडलेला आहे. तो आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

१९२८ साली अमेरिकेत रॉजर्स व व्हिटियर ह्यांना आढळले की, दूध आंबवणाऱ्या एका जंतूचे काही वाण दह्यातल्याच दुसऱ्या जंतूची वाढ रोखतात. पुढे न्यूझीलंडात चीज करणाऱ्यांपुढे विघ्न आले. विरजण घालावे, तरी दूध वेळेवर आंबेना! १९३३ मध्ये व्हाइटहेड ह्यांनी दाखवून दिले की, दुधातलेच काही जंतू विरजणाला खुंटवणारा एक पदार्थ सोडतात आणि तो प्रथिनाच्या जातीचा आहे. म्हणजे पुढे ज्याची ख्याती राखणदार म्हणून झाली, तो प्रथम चोर म्हणूनच पकडला गेला.

इंग्लंडात मॅटिक व हर्श ह्यांनी १९४७ साली त्याला 'निसिन' हे नाव दिले. रोगावरचे औषध म्हणून ते फारसे चालले नाही. पण १९५१ मध्ये चीज फुगवणाऱ्या जंतूंवर ते गुणकारी ठरले. ह्या जंतूंची बीजे पाश्चरीकरणाच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. बीज रुजू लागले की निसिन आडवे येते; जंतूच्या आवरणाला ते भोके पाडते. आपल्या पोटात मात्र इतर प्रथिनांप्रमाणे तेही पचून जाते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने १९६९ साली त्यास मान्यता दिली. अमेरिकेत ती १९८८ साली मिळाली.

तर मग सारे दूध निसिनच्या स्वाधीन करून आपण निर्धास्त व्हावे काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मलिन पाण्यातून व हातांतून दुधात शिरणाऱ्या कोलाय वर्गातील जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असते. तेथे निसिन एकटे हतबल होते. बुरशीवरही त्याची मात्रा चालत नाही. शिवाय जुना अनुभव विसरून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत दूध टिकावे म्हणून त्यात फॉर्मॅलिन घालीत. दूध टिके, पण घाण झाकली जाई आणि ते विष लेकरांच्या पोटात जाई. निसिन विष नव्हे, हे खरे. परंतु झाकण्याचा मोह तोच आहे.

राखणदार ठेवला म्हणून कोणी घराचे दार उघडे टाकीत नाही. गोठा स्वच्छ, चरवी घासलेली आणि दूध थंड राखलेले असेल, तरच ह्या सूक्ष्म राखणदाराचा उपयोग.