गुऱ्हाळाचे जुने चुलाण बदलण्यापूर्वी

परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव प्रकल्पाच्या पाण्यावर आणि विहिरी-बोअरवर ऊस घेणारे काही शेतकरी स्वतःचे गुऱ्हाळ चालवतात. हंगाम संपला की चुलाण (काही भागांत चुलवाण) पाडून नवे बांधण्याचा विचार सुरू होतो. जळण पुरत नाही, आदण उतरायला वेळ लागतो, गूळ काळपट येतो, या नेहमीच्या तक्रारी. यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ चुलाणात नसते. म्हणून पैसे घालण्याआधी जुन्या चुलाणाचा हिशेब मांडावा.

चिपाड किती लागते ते मोजा

१०० किलो उसापासून चांगल्या चरकावर ६० ते ६५ किलो रस निघतो आणि त्याचा १० ते १२ किलो गूळ होतो. म्हणजे पन्नास किलोहून अधिक पाण्याची वाफ करावी लागते. त्यासाठी हाताशी असते ३५ ते ४० किलो ओले चिपाड. त्यात साधारण निम्मे पाणी असते, त्यामुळे चांगले वाळल्यावर ते २० किलोच्या आसपास भरते. हा हिशेब धरला तर एक किलो गुळाला पावणेदोन ते दोन किलो वाळलेले चिपाड हे आपल्याच उसातून मिळणारे जळण. चुलाण यापेक्षा जास्त खात असेल तर लाकूड किंवा पाचट बाहेरून आणावे लागणार.

सलग तीन-चार आदणांसाठी ऊस, रस, जाळलेले चिपाड, निघालेला गूळ आणि लागलेला वेळ वहीत लिहावा. चिपाडाचे भारे काट्यावर घालायला अर्धा तास जातो, पण अंदाजाने सांगितलेले आकडे सहसा चुकतात.

रस ६० किलोपेक्षा बराच कमी निघत असेल तर आधी चरकाचे रोलर आणि त्यांमधले अंतर तपासावे. न निघालेला रस चिपाडात राहतो. तो गुळाचा तोटा तर असतोच, शिवाय चिपाड वाळायलाही वेळ लागतो.

चिपाड वाळलेले आहे का?

निम्मे पाणी असलेल्या एक किलो चिपाडातून जेवढी उष्णता मिळते, त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता चांगल्या वाळलेल्या एक किलो चिपाडातून मिळते. परंड्याचे हिवाळ्यातले कोरडे ऊन ही आपली जमेची बाजू आहे. चिपाड पातळ पसरून, उलटून वाळवले आणि अवकाळी पावसासाठी ताडपत्री जवळ ठेवली, तर काही ठिकाणी जळणाचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो. टायर किंवा प्लॅस्टिक जाळून कमतरता भरून काढू नये. त्याचा विषारी धूर जाळ घालणाऱ्याच्या छातीत जातो आणि काजळी उघड्या काहिलीत पडते.

चुलाणच काय सांगते

धुराड्यातून सतत काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते किंवा चिपाड एकदम मोठ्या घासाने टाकले जाते. थोडे थोडे, पण सारखे टाकायला सांगावे. राखेत अर्धवट जळलेले तुकडे दिसत असतील तर जाळीच्या सळ्या वाकल्या आहेत किंवा चिपाड ओले आहे. धूर तोंडाकडून मागे येत असेल तर धुराड्याच्या वाटेत काजळी आणि राख साचली आहे. ही कामे एक-दोन दिवसांची आहेत.

याउलट, काहिलीखालून निघालेली ज्वाळा थेट धुराड्यात शिरत असेल, धुराड्याचा बुंधा लाल होत असेल आणि भिंतींच्या विटा निखळल्या असतील, तर उष्णता रसाला न लागता वर निघून जाते. अशा वेळी नवे बांधण्याचा विचार योग्य आहे.

नवे कोणते बांधावे

लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने दोन आणि तीन काहिलींची चुलाणे विकसित केली आहेत. पहिल्या काहिलीखालून निघालेल्या गरम वायूंवर पुढच्या काहिलीतला रस तापतो, त्यामुळे जळण वाचते. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात याची माहिती मिळते. शक्यतो चालू हंगामात असे चुलाण चालताना पाहून, तिथल्या गुळव्याशी बोलूनच निर्णय घ्यावा.

कारण नव्या चुलाणाच्या अडचणीही आहेत. जाड अग्निरोधक विटा उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात, पाक ११८ ते १२० अंशांवर असताना, जाळ पटकन कमी होत नाही. हात बसेपर्यंत पहिली काही आदणे करपू शकतात. मागची काहील रिकामी राहिली तर तिचा तळ जळतो. आणि चरक जुनाच लहान असेल तर चुलाण रसाची वाट पाहत तापत राहते, मग बचत कसली?

दिवस किती चालणार?

आपल्या तालुक्यात हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे. समजा रोज १० टन ऊस गाळला, ११०० किलो गूळ झाला आणि किलोमागे अर्धा किलो चिपाड वाचले. ९० दिवसांत जवळपास ५० टन वाचतात. गुऱ्हाळ ४० दिवसच चालले तर २२ टन. खर्च मात्र तेवढाच. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात उसाचे काय झाले ते आपण पाहिले आहे. ऊस कमी असला की कारखान्यांची ओढही वाढते. म्हणून गेल्या पाच हंगामांतले गाळपाचे दिवस काढावेत आणि त्यांतल्या वाईट दोन वर्षांवर हप्ता बसतो का ते पाहावे. माझ्या मते तो बसत नसेल तर जाळी, धुराडे आणि विटांची दुरुस्ती करून थांबणे बरे.

सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत (पीएमएफएमई) जुन्या उद्योगाच्या सुधारणेलाही कर्जाशी निगडित ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. योजनेची सध्याची मुदत आणि गुऱ्हाळाची पात्रता तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्यावी. केवळ अनुदान आहे म्हणून गरजेपेक्षा मोठे चुलाण बांधू नये.

बांधकाम एप्रिल-मेमध्ये उरकावे. काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत न्यावा, नाहीतर जमीन फुगून-आकसून भिंतीला तडे जातात. राखेच्या खड्ड्यात पाझर येत असेल तर जागाच बदलावी. पावसाळ्यात वर पत्रा हवा. गाळपाआधी सात-आठ दिवस रोज थोडा थोडा जाळ घालून चुलाण हळूहळू वाळवावे आणि त्या काळात काहिलीत पाणी ठेवावे.