मेल उघडला कोणी?

फसव्या ईमेलमुळे पैसे गेले की ऑफिसात पहिली चौकशी होते ती मेल कोणी उघडला याची. ईमेलचा इतिहास पाहिला तर ही चौकशी अन्यायाची ठरते, कारण पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय या टपालात मुळात नव्हतीच. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या संगणकजाळ्यावर नको असलेले संदेश नाकारण्याचा मार्ग घेणाऱ्या संगणकाकडे नाही, हे संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात जवळपास ४०० जणांना एकदम धाडली. तक्रारी झाल्या, समज दिली गेली आणि तेवढ्यावर भागलं, कारण त्या जाळ्यावरची माणसं मोजकी होती. १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच ईमेल पोचवण्याचे नियम लिहिले, ते एसएमटीपी. त्यांतही पाठवणारा जो पत्ता सांगेल तो खरा मानला गेला. संशोधकांच्या त्या जगात हे चुकीचं नव्हतं. कुणीही कुणालाही लिहू शकतो, यातच ईमेलची ताकद होती. पुढे मात्र बिलं, पगारपत्रकं, बँकांचे व्यवहार असं सगळं याच नियमांच्या भरवशावर चालू लागलं.

कर्मचाऱ्यांनी सावध राहायला नको का? हवंच. पण अनोळखी मेल उघडू नका, ही शिकवण मे २००० मध्येच अपुरी ठरली. ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस ओळखीच्याच पत्त्यावरून येई, आणि विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवत असल्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटे. आता पाठवणाऱ्याचं डोमेन तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पद्धती आहेत, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पत्त्यांची तोतयेगिरी त्यांनी अवघड केली, हे खरंच. पण ही तपासणी डोमेनची असते, माणसाच्या हेतूची नाही. मिळत्याजुळत्या नावाचं डोमेन रीतसर विकत घेतलं तर ते तिच्यातून पार होतं. आणि नुसत्या नावावर किती भागतं ते पाहा: लिथुआनियातल्या एकाने तैवानच्या क्वांटा कंपनीचं नाव लावून लॅटव्हियात कंपनी नोंदवली आणि २०१३ ते २०१५ या काळात बनावट बिलं ईमेलने पाठवून गूगल आणि फेसबुककडून १२ कोटी डॉलरांपेक्षा जास्त रक्कम उकळली. जगाला ईमेल पुरवणारी कंपनीच जिथे फसते, तिथे एखाद्या कारकुनाच्या नजरेवर भार टाकून काय साधणार? खातं बदलल्याचा मेल आला की आधीपासून नोंदीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची आणि मोठ्या रकमेला दुसऱ्याची मंजुरी घ्यायची, ही पद्धत ऑफिसनेच घालून द्यायला हवी. चेकवर दोन सह्या घेणाऱ्या ऑफिसांना ती अपरिचित नाही; मेलवर आलेल्या सूचनांना ती लावायची तेवढी राहून गेली आहे.