बारमास फुलणाऱ्या पूजापुष्पांचा पूर्वेतिहास

नित्यपूजेस वर्षाचे सर्व दिवस फुले लागतात. मोगरा उन्हाळ्याचा, पारिजातक पावसाच्या उतरणीचा, शेवंती थंडीची. ही सारी ऋतूची पाहुणी होत. परडी रिकामी राहू न देण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली ती झाडे निराळीच : जास्वंद, तगर, कण्हेर, अबोली आणि सदाफुली. आवारभिंतीच्या कडेस दिवसभर ऊन मिळाले की ती वर्षानुवर्षे टिकतात आणि बहुतेक बारा महिने फुलतात. परंतु ती एकाच काळी वा एकाच वाटेने आपल्या बागेत आलेली नाहीत. भक्तजनांस त्या वाटा ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठी हे टिपण.

कण्हेर व जास्वंद ह्यांच्या प्राचीनतेविषयी शंका नको. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘करवीर’ आहे आणि त्याचा एक पर्याय ‘हयमारक’, म्हणजे घोड्यास मारणारा, असा आहे. कण्हेरीचे पान, साल, मूळ सर्वच विषारी असते, हे कोशकारांच्या काळीही ठाऊक होते असा ह्याचा अर्थ. जास्वंद ती ‘जपा’. स्फटिकाशेजारी ठेवलेल्या जपाकुसुमाचा दृष्टान्त वेदान्ताच्या विद्यार्थ्यास नव्याने सांगावयास नको. गंमत अशी की, लिनियसने 1753 साली ह्याच झाडास ‘चीनचा गुलाब’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. आज ते रानटी स्थितीत निर्विवादपणे कोठेही आढळत नाही; फार जुन्या काळापासून ते माणसाच्या हातचेच होऊन राहिले आहे. अबोली मात्र भारत व सिंहलद्वीप येथलीच.

सदाफुलीची गोष्ट वेगळी, आणि येथे पाठशाळेतील मंडळींचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘भावप्रकाशात सदापुष्प आहे, तस्मात् सदाफुली प्राचीन’ असे अनुमान कित्येकदा ऐकू येते. परंतु भावप्रकाशातील ‘सदापुष्प’ हा श्वेत अर्काचा, म्हणजे पांढऱ्या रुईचा, पर्याय आहे. केवळ नामसाम्यावरून वस्तुसाम्य सिद्ध होत नाही, हे न्यायाच्या प्रारंभीच शिकविले जाते. आपली गुलाबी-पांढरी सदाफुली मूळची मादागास्कर बेटाची. तिच्या कुलातील आठ जातींपैकी सात त्याच बेटावरच्या. आठवी तेवढी चिमुकली, पांढऱ्या फुलांची, भारतात व सिंहलद्वीपात रानोमाळ उगवते. अठराव्या शतकात मादागास्करचे बी पॅरिसच्या राजोद्यानात पोचले. तेथून ते लंडनजवळच्या चेल्सी उद्यानात फिलिप मिलर ह्याच्या हाती आले. 1759 मध्ये लिनियसने तिचे नामकरण केले. पुढे तिचे कुलनाम ‘कॅथरँथस’ असे झाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शुद्ध पुष्प! तमिळात तिला ‘नित्यकल्याणी’ म्हणतात, तर कन्नडात ‘काशी कणगिले’, म्हणजे काशीची कण्हेर. नव्या पाहुणीस जुन्या ओळखीच्या नावाने हाक मारण्याची ही लोकांची रीत मला फार गोड वाटते.

परदेशचे फूल देवास चालेल काय, असा प्रश्न काही वृद्ध आजही करतात. त्यांच्या निष्ठेविषयी पूर्ण आदर ठेवून एवढेच म्हणतो की, एकादशीच्या फराळातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबूदाणा होतो तो कंद, ही सर्व अमेरिका खंडाची देणगी आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडचाच. ताट चालते आणि परडी चालत नाही, ह्यास आधार कोणता? स्वतः भावमिश्राने ‘फिरंग’ नावाचा नवा रोग व त्यावर बाहेरून आलेली चोपचिनी ह्यांची नोंद आपल्या ग्रंथात केलीच आहे.

ह्या ज्ञानव्यवहारात आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्याने पारिजातकाचे वर्णन केले. ते पोर्तुगीज वैद्याचे. पुढच्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड ह्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला (आम्स्टरडॅम, 1678 ते 1693). त्यात मलबारी वैद्य इट्टी अच्युतन ह्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य साहाय्यक होते. गोव्यातून परागंदा होऊन कोचीनला स्थिरावलेल्या समाजातले हे पुरुष. 20 एप्रिल 1675 चे त्यांचे साक्षपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. घरदार सोडताना जी विद्या बरोबर नेता आली, ती अशा रीतीने अक्षररूपाने राहिली. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात जास्वंद व तगर ह्यांची चित्रे आहेत.

सदाफुलीचे माहात्म्य मात्र आपल्या काळातच कळले. जमेकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. ती पाने 1952 साली कॅनडात रॉबर्ट नोबल ह्यांजकडे आली. काढ्याने उंदरांच्या रक्तातील साखर काही उतरेना. पण श्वेतपेशी मात्र कमी झाल्या. ह्या धाग्यावरून नोबल व चार्ल्स बीअर ह्यांनी 1958 मध्ये ‘विनब्लास्टीन’ जाहीर केले. तिच्यातूनच पुढे ‘विनक्रिस्टीन’ निघाले आणि मुलांच्या रक्तकर्करोगावर ते आजही वापरतात. तेव्हा मधुमेहासाठी सकाळी सदाफुलीची पाने चघळण्याची जी चाल आपल्याकडे आहे, ती सोडावी हे बरे. ज्या द्रव्याने श्वेतपेशी घटतात ते अंदाजाने पोटात घेण्याजोगे नव्हे.

लागवडीविषयी थोडेसे. भिंतीलगत जास्वंद व तगर, पुढे अबोली आणि अगदी कडेस हातभर अंतरावर सदाफुली अशी मांडणी करावी. कण्हेर गुरांच्या तोंडापासून दूर लावावी. जास्वंदीचे फूल बहुधा एका दिवसाचे. कळ्या नव्या फुटीवर येतात म्हणून पावसाळ्यानंतर शेंडे छाटावेत. सदाफुलीच्या कोवळ्या फांद्यांवर पानांच्या बेचक्यात जोडीजोडीने फुले येत राहतात. तिला ऊन सोसते; पाणी साचलेले सोसत नाही, मूळ कुजते. तिचे बी अंधारात चांगले रुजते, म्हणून पेरल्यावर वरून मातीचा पातळ थर अवश्य द्यावा.